चारवर मेलेला गॉब्लिन: एका गुहेच्या मांडणीचं प्रकरण

"अरे, पहिला गॉब्लिन सात एचपीवर मेला. मग हा तिसरा चारवरच कसा मेला?"

माझा मित्र हे भांडायला म्हणून विचारत नव्हता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ; गॉब्लिन हे त्यातले छोटे राक्षस, प्रत्येकाचे एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, सारखीच सात, आणि त्यांना चालवणारा मी. कॉलेजपासून हा खेळ एकत्र खेळतो आम्ही, आणि कोणाला किती लागलं ते वहीच्या समासात लिहीत जायची त्याला सवय आहे. मी म्हणालो, "हा जरा अशक्त होता." त्याने मान डोलावली आणि त्या चाराभोवती पेनाने गोल केला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी बारा वर्षांची भाची बसली होती. ती म्हणाली, "मामा, मी बेशुद्ध पडले होते म्हणून केलंस ना?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तासभर खेळ चालला, पण टेबलावरची भीती पार गेली होती. अंधाऱ्या पायवाटेवरून वहिनी बेधडक पुढे निघाल्या. वाटेत फास आहे का, खड्डा आहे का, कोणी पाहिलं नाही. मामा सांभाळून घेणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत मी काय बदललं, त्यातलं काय चाललं आणि काय फसलं, ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. घरी नवख्या माणसांना खेळवणाऱ्या कोणालाही याच वळणावर यावं लागतं, म्हणून.

टेबल आणि माणसं

पुण्यातलं आमचं घर, जेवणाचं टेबल, रविवारी चार ते आठ. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (2014 चे नियम), भाषा मराठी. गॉब्लिन म्हणून कॅरमच्या काळ्या सोंगट्या, मोठ्या शत्रूसाठी बुद्धिबळातला काळा हत्ती. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी; खेळणारे चौघे. वहिनी योद्धा झाल्या होत्या. त्या एका पतसंस्थेत वसुली बघतात आणि हा खेळ त्यांनी पूर्वी कधी पाहिलेलाही नव्हता. भाची जादूगार, तीही नवी. मित्र चोर, पंधरा वर्षांचा अनुभव. चौथा माझ्या ऑफिसातला सहकारी, क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी. अतिशय कमी बोलणारा माणूस, मित्राच्या आग्रहाने आलेला.

कथानक 2014 च्या स्टार्टर सेटमधलं, 'लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर'. जगभरातल्या कितीतरी टेबलांची सुरुवात याच साहसाने झाली आहे. सामानाची गाडी घेऊन फॅनडॅलिन गावाकडे निघायचं, वाटेत दोन मेलेले घोडे दिसतात, झुडपांतून चार गॉब्लिन हल्ला करतात. त्यांचा माग काढत गेलं की गुहा लागते आणि त्या गुहेत सिल्डर नावाचा माणूस कैदेत असतो. नवख्यांसाठी म्हणून दिलेलं साहस आहे, तेव्हा आकडे नवख्यांना झेपतील असेच असणार, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या रविवारचा हिशोब

आकडे झेपणारे नव्हते, आणि हे मला आधी बसून काढता आलं असतं. एका गॉब्लिनचे 50 एक्सपी (शत्रूला हरवल्याचे गुण), चौघांचे 200. त्याच आवृत्तीच्या नियमाप्रमाणे शत्रू तीन ते सहा असले की ती बेरीज दुपटीने धरायची, म्हणजे 400. पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरसाठी 'डेडली', म्हणजे जीवघेण्या चकमकीची सीमा 100. आमच्या टेबलावर चौघे होते, सीमा 400. खेळाची पहिलीच चकमक नियमपुस्तकाच्या स्वतःच्या तक्त्यात बरोब्बर 'डेडली' या रेषेवर उभी होती. पाचवा खेळाडू असता तर ती एक पायरी खाली, 'हार्ड'मध्ये गेली असती.

तक्त्यात न दिसणारी गोष्ट याहून वाईट आहे. भाचीच्या जादूगाराचे एचपी आठ, आर्मर क्लास, म्हणजे तिला वार लागायला गाठावा लागणारा आकडा, 12. गॉब्लिन हल्ल्याला चार मिळवतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर आठ किंवा जास्त पडले की बाण लागला: 65 टक्के. पण लपलेल्या जागेवरून मारलेल्या बाणाला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा असतो, आणि तिथे 65 चे जवळपास 88 टक्के होतात. झुडपांतून पहिले दोन बाण तिच्यावर आले. सहा आणि पाच. पोरीने एक फासाही टाकला नव्हता आणि तिची कॅरेक्टर रस्त्यावर पडली होती.

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मला राहवलं नाही ते तिथे.

पुढचं सगळं स्क्रीनच्या, म्हणजे डीएमचे फासे झाकणाऱ्या आडोशाच्या, आड घडलं. क्लेरिकवर आलेला एक वार फाशावर चक्क वीस, म्हणजे हमखास लागणारा होता; मी "चुकला" म्हणालो. तिसऱ्या गॉब्लिनला चार लागले आणि मी सोंगटी उचलली. डीएमने स्क्रीनमागे आकडे फिरवावेत का, यावर खेळणाऱ्यांत जुना वाद आहे, आणि डीएमसाठीच्या अधिकृत पुस्तकातही तशी मुभा दिलेली आहे. माझं मत त्या संध्याकाळी कायमचं ठरलं. फिरवू नयेत. मुलं खेळत असतील तर मुळीच नाही. मोठी माणसं दुर्लक्ष करतात, मुलाच्या मनात मात्र ते राहतं की आपण जिंकलो नाही, आपल्याला जिंकवलं.

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं आणि वाईट वाटलं. गॉब्लिन जिंकले तर काय, हे तिथे स्वच्छ दिलं आहे: ते सगळ्यांना बेशुद्ध सोडतात, सामान लुटतात आणि गुहेकडे जातात. कोणी मरत नाही. मी ते आधी वाचलं होतं. पण "असं होण्याची शक्यता कमीच" म्हणून नजर पुढे गेली होती, आणि हरलेल्या खेळाडूंसमोर टाकायला माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. ते हरले असते तर मलाच पुढे काय करायचं ते सुचलं नसतं, म्हणून मी त्यांना हरू दिलं नाही.

आठवडाभर

आव्हान लवचिक करायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा आकड्यांकडे वळतात: एचपी कमी करा, एखादा शत्रू काढा. आकड्यात मी एकच बदल केला, तो आधी सांगतो. गुहेचा म्होरक्या क्लार्ग हा बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचा धिप्पाड भाऊबंद. त्याच्या गदेचा सरासरी मार 11, आणि बेसावध माणसावर पहिला वार असेल तर आणखी सरासरी 7. एकूण 18. आठ एचपीच्या जादूगाराला 18 लागले तर आठ वजा जाऊन दहा उरतात, आणि उरलेला मार मूळ एचपीएवढा किंवा जास्त असेल तर नियमाने जागच्या जागी मृत्यू. जीव वाचवायचे फासे टाकायचीही संधी नाही. बेसावध हल्ल्याचा तो जादा मार मी काढून टाकला आणि शनिवारी ग्रुपवर सगळ्यांना तसं लिहून कळवलं. मित्राचं उत्तर आलं: "चालेल. आधी सांगितलंस ते बरं केलंस."

उरलेली मेहनत एका कागदावर झाली. गुहेतल्या प्रत्येकापुढे मी तीन गोष्टी लिहिल्या. याला काय हवंय? हा कशाने थांबेल? आणि हा जिंकला तर काय करेल?

पहाऱ्यावरच्या गॉब्लिनांना क्लार्गचा मार चुकवायचा आहे. एखादा साथीदार पडला की त्यांचं धैर्य खचतं. यासाठी मी याच खेळाच्या 1981 च्या बेसिक नियमांतला मोराल, म्हणजे शत्रूचं धैर्य तपासायचा नियम, घेतला: पहिला गडी पडला की, आणि पुन्हा निम्मे पडले की, सहाचे दोन फासे टाकायचे. गॉब्लिनांचा आकडा सात. बेरीज त्याच्या वर गेली की ते पळतात. आठ किंवा जास्त यायची शक्यता 36 पैकी 15, म्हणजे साधारण 42 टक्के. पाचव्या आवृत्तीत हा नियम मागे पडला याचं मला खरंच वाईट वाटतं. या एका नियमामुळे शत्रूला जिवाची पर्वा येते आणि लढाई कत्तलीच्या आधीच संपू शकते.

यीमिक हा क्लार्गच्या हाताखालचा गॉब्लिन. सिल्डर त्याच्याच ताब्यात आहे. त्याला क्लार्गची जागा हवी आहे, आणि क्लार्गचं मुंडकं आणून द्या असा सौदा तो करतो, हे पुस्तकातच आहे. मी पुढे लिहिलं: जागा मिळणार नाही असं दिसलं की हा काहीही सोडून देईल. क्लार्ग स्वतःला मोठा सेनापती समजतो. कोणी तसं म्हटलं तर ऐकून घेईल. साखळीने बांधलेले लांडगे नुसते भुकेले आहेत. आणि सगळ्यांसाठी एकच ओळ: जिंकलो तर कैदी करू. हरलेले खेळाडू सिल्डरच्या शेजारी, हात बांधलेल्या अवस्थेत शुद्धीवर येतील, आणि खेळ तिथून पुढे सुरू होईल. तो प्रसंग मी पूर्ण लिहून काढला. एवढं झाल्यावर माझी स्वतःची भीती गेली. त्यांनी हरावं असं मला वाटत नव्हतं, पण हरले तरी हरकत नाही असं पहिल्यांदाच वाटलं.

वाटा पुस्तकातच होत्या: ओढ्यातून पुलाखालून, लांडग्यांच्या वरच्या चिमणीसारख्या भेगेतून, आणि पायऱ्यांनी यीमिककडे. मी प्रत्येकीसमोर तिची किंमत तेवढी लिहिली. शिवाय सहा खान्यांचं एक वर्तुळ काढलं, 2017 च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या दुसऱ्या खेळाने लोकप्रिय केलेल्या घड्याळासारखं. आवाज झाला की एक खाना भरायचा, सहा भरले की सगळी गुहा जागी. ते वर्तुळ टेबलाच्या मध्यावर, सगळ्यांना दिसेल असं. स्क्रीन मी कपाटात ठेवून दिली.

काहींना हा सगळा लाड वाटतो. आव्हान एकदा मांडलं की खेळाडूंनी त्याच्याशी झुंजावं, असं त्यांचं म्हणणं. त्याला मान आहे. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांची 'टूम ऑफ हॉरर्स' ही जीवघेण्या थडग्याची मोहीम 1975 साली ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेत खेळवली गेली. तिथे सगळ्या चमूंना एकच फूटपट्टी लावायची होती, तेव्हा थडगं ताठर असणंच योग्य होतं. माझ्या टेबलावर चार माणसं आहेत, आणि त्यांची तुलना कुणाशीच करायची नाही.

दुसरा रविवार

सुरुवात चांगली झाली नाही. घड्याळ कधी भरायचं हे मी नीट ठरवलं नव्हतं. ओढ्यापाशी पहाऱ्यावरच्या दोघांशी झटापट झाली आणि मी प्रत्येक फेरीला एक खाना भरत गेलो. चकमक संपते तो तीन खाने काळे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे जरा जास्त होतंय. आम्ही तर दबक्या आवाजातच लढलो." त्यांचं बरोबर होतं. मी सगळ्यांना विचारून एक खाना खोडला आणि नियम तिथेच नक्की केला: एका चकमकीला दोन. तीच दुरुस्ती आठवड्यापूर्वी मी लपून केली असती.

पुलावरच्या गॉब्लिनने त्यांना पाहिलं आणि वरच्या तळ्यांचं पाणी सोडलं. वहिनी आणि क्लेरिक वाहत थेट गुहेच्या तोंडाशी. घड्याळात तीन. ओढ्याची वाट आता महाग झाली होती, म्हणून ते लांडग्यांकडे वळले. इथे मित्र तलवार काढणार एवढ्यात सहकारी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला. "माझ्याकडे सुकं मांस आहे. टाकू का?" लांडगे भुकेले हे माझ्या कागदावर होतंच. त्याने फासा टाकला, चौदा आले, आणि साखळ्यांचा आवाज थांबला.

मग माझी मोठी चूक. मित्र भेगेतून एकटा वर गेला, आणि वीस मिनिटं मी आणि तो दोघंच खेळत राहिलो. कुठे कोण उभं आहे, पेट्यांमागे काय, शेकोटीचा उजेड कुठवर येतो. बाकी तिघं शेंगदाणे खात बसले. मांडणी कितीही लवचिक असली तरी तीत एकट्यासाठीच जागा उघडत असेल, तर इतरांसाठी ती बंदच. यावर मला अजून पक्का उपाय सापडलेला नाही. पुढच्या वेळी एकटा पुढे गेलेल्याला तीनच प्रश्न विचारू द्यायचे आणि उरलेल्यांनी खालून काय करायचं ते त्याच वेळी ठरवायचं, असं मनात आहे.

शेवटी बाकी तिघंही वर चढले. वर क्लार्ग, त्याचा पाळलेला लांडगा रिपर आणि दोन गॉब्लिन. मित्राने एकाला अंधारातच संपवलं. मी मोरालचे फासे टेबलाच्या मध्यावर टाकले: पाच आणि चार, नऊ. दुसरा गॉब्लिन भेगेतून खाली पळाला. भाची टाळ्या वाजवत उभी राहिली. कुणीही काही फिरवलेलं नाही, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

पुढच्या दोन फेऱ्या कठीण गेल्या. रिपरने वहिनींना चावा घेतला, सात. त्यांचे पाच उरले. क्लार्गच्या गदेने क्लेरिकला 13 लागले आणि तो पडला. मित्राने रिपरला मारलं. वहिनींचा एक वार क्लार्गवर बसला, 11. भाचीकडे एकच मंत्र शिल्लक होता. या वेळी तिने गुहेत शिरण्याआधीच मेज आर्मर हा संरक्षणाचा मंत्र चढवला होता, आर्मर क्लास 15, आणि त्यात एक मंत्र गेला होता. उरला होता स्लीप: आठ बाजूंचे पाच फासे, आणि बेरजेत बसतील तेवढ्या एचपीचे प्राणी झोपतात, सर्वांत कमी एचपीवाल्यापासून सुरुवात करून.

"मामा, त्याचे किती उरलेत?"

मी सांगायचं असं आधीच ठरवलं होतं. "27 होते. 11 लागलेत. 16." मित्राने समासात पाहिलं. तिथे क्लार्गच्या नावापुढे 11 च होते. त्याने काही न बोलता वही माझ्याकडे फिरवली आणि परत ओढून घेतली.

भाची बोटांवर मोजत होती. "मामीचे पाच आहेत. ती जवळ असली तर आधी ती झोपेल. मग मला एकवीस लागतील." बेशुद्ध पडलेल्याला हा मंत्र धरत नाही, तेव्हा क्लेरिकची अडचण नव्हती. मित्र म्हणाला, "वहिनी, डिसएंगेज घ्या. वार सोडा आणि मागे या." आपली पाळी सोडून देणं वहिनींना जिवावर आलं होतं, पण त्या मागे सरल्या. भाचीने पाचही फासे एकदम टाकले. एक घरंगळत माझ्या चहाच्या कपाला टेकला. बेरीज 19.

एकवीस लागले असते तर क्लार्ग उभाच राहिला असता.

आता तो झोपलेला. मित्र म्हणाला, मुंडकं कापू, यीमिकला देऊ, सौदा पुरा. भाची म्हणाली, "झोपलेल्याला नाही मारायचं." यावर बरीच चर्चा झाली, क्लेरिकला शुद्धीवर आणलं, क्लार्गला दोरीने बांधलं, तोंडात बोळा घातला आणि जिवंतच ओढत यीमिककडे नेलं.

याची तयारी माझ्याकडे नव्हती. पुस्तकात मुंडक्याचा सौदा आहे, बांधलेल्या क्लार्गचा नाही. पण कागदावर यीमिकपुढे एक ओळ होती, आणि मला शोधाशोध करावी लागली नाही. त्याला क्लार्गची जागा हवी आहे, आणि तो क्लार्ग त्याच्याकडे डोळे वटारून बघतो आहे. मी यीमिकचा आवाज कापरा केला. "मुंडकं म्हणालो होतो मी! हे काय आणलंत?"

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. पतसंस्थेत समोर थकबाकीदार असताना त्या कशा बोलत असतील, ते मला पहिल्यांदा कळलं. आवाज अजिबात चढवला नाही. "हे बघ, माणूस आमच्या ताब्यात दे. नाहीतर मी ही दोरी सोडते आणि आम्ही जातो."

सिल्डर सुटला. घड्याळात पाच खाने भरले होते.

उरलेलं

आठ वाजून गेले होते. भाचीने क्लार्गचा काळा हत्ती दोऱ्याने गुंडाळून फ्रीजवर ठेवून दिला, पुढच्या वेळेसाठी. मित्र वही घेऊन निघाला. सहकारी शेवटी राहिला. त्याच्यासाठी मी काय केलं हा विचार मनात होताच. निम्मी संध्याकाळ त्याने थांबण्यात घालवली होती आणि उरलेल्यातला काही वेळ बेशुद्ध पडून.

दारात बूट घालता घालता त्याने विचारलं, "तो रिपर क्लार्गने लहानपणापासून पाळला असेल ना? तो मेल्याचं त्याला काय वाटत असेल?"

मी क्लार्गला काय हवंय ते लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं. तो जिना उतरून गेल्यावर मी कागद पुन्हा काढला, क्लार्गच्या नावाखाली रिपर लिहिलं, आणि पुढच्या रविवारी त्या गुहेत पहिल्यांदा कोण बोलणार ते ठरवलं.